मुठीची खिचडी

१८ नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी मोताळ्याच्या कृषी केंद्रवाल्यानं जानेवारीत दिली होती. दहा महिने कोरी पडून होती, कारण सेवानिवृत्त माणसाच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काय घडतं? आज उघडली. चौदा वर्षांनी मला पुन्हा वर्ग मिळाला आहे.

झालं असं की परवा आपल्या खैरवाडीच्या चर्चचे पाळक कुलदीप घरी आले. तरुण माणूस, फटफटीवरून फिरतो, घरोघरी नावानिशी ओळखतो. म्हणाले, वस्तीतली नववी-दहावीची अकरा मुलं मोताळ्याच्या शाळेत जातात, संध्याकाळी घरी अभ्यासाला जागा नसते. चर्चच्या मागच्या सभागृहात त्यांना बसवू. गणित-विज्ञान त्यांच्या पत्नी संजीवनीबाई घेतील, त्या बी.एस्सी. आहेत. मराठी आणि वाचन मी घ्यावं. मी म्हटलं, मी गंध लावणारा माणूस, तुमच्या मंडळींना चालेल का? ते हसले. म्हणाले, "सर, आमच्या पोरांना मार्क पाहिजेत. गंध राहू द्या."

योगायोग पाहा, आमची सौ. शैलजा आदल्याच आठवड्यात संजीवनीबाईंकडे शिलाई मशीनची सुई मागायला गेली होती आणि चांगला दीड तास बसली. आपली मशीन तर तीन वर्षं बंद आहे. सुई कशाला हवी होती कोण जाणे. बायकांचं आपल्याला कळत नाही.

मी हो म्हणाल्यावर ती म्हणाली, "बाहत्तर वर्षांचे झाले, दिवसभर खिडकीपाशी बसून जुनी पुस्तकं हुंगत राहता. जा, जरा खडू हुंगा."

१९ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला तास. पत्र्याचं सभागृह, भिंतीला निळा चुना, बाहेर चिंचेचं झाड. बाकं चर्चचीच, मागच्या पट्टीवर गीतांची पुस्तकं ठेवायला खाच असलेली. त्या खाचेत मुलांनी पाण्याच्या बाटल्या खोचल्या होत्या.

मी पाठ घेतला नाही. चौथीत आमच्या मेहकरच्या शाळेत गुरुजींनी चालीवर शिकवलेली नदीची एक मोठी कविता म्हटली. शब्द एकही चुकला नाही. बासष्ट वर्षांत किती माणसं विसरलो, ही नदी नाही विसरलो.

मुलं ऐकत होती, काही खिदळत होती. पण खिडकीपाशी एक मुलगी बसली होती, अर्पिता. दहावीत आहे. रंग कसा फिका, जणू चांदण्यात ठेवलेली. डोळे अर्धे मिटलेले, मान किंचित कललेली, ओठ उघडे. मी थांबलो तरी तिचं लक्ष परत आलं नाही. ती नदीवरच होती. छत्तीस वर्षांच्या नोकरीत असे डोळे मी दोन-तीनदाच पाहिले. कविता कुणाच्या आत उतरते ते मास्तरला दिसतं.

घरी येऊन शैलजाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "झोप आली असेल तिला."

तिला काव्याचं अंग नाही. पन्नास वर्षांत आलं नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

फळ्याखालच्या डब्यातले खडू संपतात. मी नवी पेटी ठेवली, चार दिवसांत निम्मी. आज लक्ष ठेवलं तेव्हा दिसलं, अर्पिता जाताना दोन तुकडे ओढणीच्या टोकाला बांधत होती.  घरी पाटीवर, भिंतीवर काहीतरी लिहीत असेल. मीही त्या वयात न्हाणीघराच्या दगडावर कोळशानं ओळी लिहायचो आणि आई येण्याआधी पाणी ओतायचो. पहिल्या ओळी अशाच लपवून लिहायच्या असतात. जाताना तिला हाक मारली आणि एक अख्खी पेटी दिली. ती इतकी दचकली की पेटी हातून पडली.

२ डिसेंबर, सोमवार

आज वर्गात आरोग्य खात्याच्या सिस्टर आल्या, धम्मशीला. उपकेंद्रात आहेत, स्कूटीवर हिंडतात, बोलणं फटकळ. शाळेतली तपासणी झाली तेव्हा यातली निम्मी मुलं गैरहजर होती, म्हणून इथे आल्या. बोटाला सुई टोचायची, थेंब यंत्रात, लगेच आकडा. अकरापैकी सात मुलांचं हिमोग्लोबिन कमी निघालं. अर्पिताचं सगळ्यांत कमी: आठ पूर्णांक एक. बारा पाहिजे म्हणे.

सिंधूताई शेजारी उभ्या होत्या. या चर्चच्या महिला मंडळाच्या प्रमुख, एकतीस वर्षं अंगणवाडी चालवून निवृत्त झालेल्या. पांढरी साडी, पदर कमरेला खोचलेला, हातात कायम काहीतरी निवडायला. त्यांनी आकडे ऐकले आणि सिस्टरला विचारलं, यांना शाळेत जेवण मिळत नाही का? सिस्टर म्हणाल्या, पोषण आहार आठवीपर्यंत. सिंधूताईंनी हातातलं निवडणं थांबवलं. मग म्हणाल्या, "म्हंजे नववीत गेलं का पोराले भूक लागत नाही, असं हाय काय?"

मला ठाऊकच नव्हतं. मुलं सहाच्या एस.टी.नं निघतात ती चहात पोळी बुडवून. परततात साडेचारला. मधे काही नाही. छत्तीस वर्षं मी अशाच मुलांना शिकवलं आणि दुपारच्या तासाला ती पेंगायची तेव्हा मी त्यांना उभं करायचो.

सिस्टरनी लोहाच्या गोळ्या दिल्या. अर्पिताला रोज एक, जेवणानंतर. ती गोळ्यांकडे पाहून हसली. हसणंसुद्धा तिचं दुरून आल्यासारखं असतं. अशा मुलांना शरीर जड होतं, मन तरंगतं. रक्त कमी असेलही, पण त्या डोळ्यांचं कारण रक्त नव्हे, हे मी सिस्टरला कसं सांगणार.

८ डिसेंबर, रविवार

आज प्रार्थनेनंतर मंडळीची सभा होती. मला शेवटच्या बाकावर बसू दिलं.

इथल्या घरांत एक रीत आहे, माझ्या मनाला फार भिडते. बाई स्वयंपाकाला बसली की दळायला किंवा शिजवायला काढलेल्या धान्यातून आधी एक मूठ वेगळ्या डब्यात टाकते. ज्वारी असो, तांदूळ, डाळ. घरात कमी असलं तरी मूठ चुकत नाही. आठवडाभराचा डबा रविवारी चर्चमध्ये येतो. याला नुसतं 'मूठ' म्हणतात. पंचवीस वर्षं ही मूठ चर्चच्या इमारतीसाठी जाते. आता छप्पर गळतं, त्यासाठी जमवणं चालू आहे.

सिंधूताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मार्चपर्यंत मूठ पोरांसाठी द्या. संध्याकाळी क्लासच्या आधी एक वेळ पोटभर. भाजी, गूळ, शेंगदाणे आम्ही घरून आणू.

मंडळीतले ज्येष्ठ उकंडराव उठले. सरळ माणूस, या चर्चच्या भिंती त्यांनी स्वतः रचल्या आहेत. म्हणाले, "ताई, मूठ देवाची आहे. देवाला दिलेलं आपण खाली आणायचं नाही." बऱ्याच माना हलल्या. त्यांचं चुकत होतं असं मलाही वाटलं नाही.

सिंधूताईंनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "दादा, तुम्ही भिंती रचल्या तवा मजुरांले भाकर कोणी दिली? माझ्या सासूनं. कोणच्या डब्यातून, ते तुम्हीच सांगा."

उकंडराव बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग खाली बसले आणि म्हणाले, छप्पर पुढच्या पावसाआधी झालं पाहिजे. एवढंच. पाळकांनी तेवढ्यावर प्रार्थना घेतली.

१२ डिसेंबर, गुरुवार

खिचडीचा चौथा दिवस. सिंधूताई त्यात मुगाची डाळ, शेवग्याचा पाला आणि कधी आंबटचुक्याची पानं टाकतात. वर लसणाची फोडणी. शेंगदाणा-गुळाचा लाडू. मुलं आधी लाजली. तिसऱ्या दिवशी पातेलं खरवडायला भांडली. आता एका पंगतीत बसतात आणि मी पाहातो.

माझाही हातभार आहे बरं. शैलजाकडून आलं घातलेला कडक चहा थर्मासभर करून नेतो. लोहाची गोळी म्हणे मळमळते, तोंड कसंतरी होतं. तर जेवण झालं की मी एकेकाला अर्धा कप चहा देतो, त्याच घोटाबरोबर गोळी आत. मुलं खूश. कवितेच्या तासाला पेंगतही नाहीत. अर्पिताला मी थोडा जास्त ओततो. तिला चहा फार आवडतो.

सिंधूताईंसारखं शिजवता येत नाही, पण आपणही काही दिलं याचं बरं वाटतं.

२५ डिसेंबर, नाताळ

चर्चला रंगीत कागदांच्या पताका, चिंचेला कागदी चांदणी. मोताळ्याहून, बुलढाण्याहून घरची माणसं आली होती. मी आणि शैलजा दोघं गेलो.

मुलांनी पाच कडव्यांचं गीत उभं राहून म्हटलं. अर्पिता पहिल्या रांगेत होती. तिसऱ्या कडव्याला तिनं डोळे मिटले आणि हळूच बाकावर बसली. भावना अनावर झाली असावी. मलाही भरून आलं होतं. शैलजा मात्र गाणं संपेपर्यंत तिच्याकडेच पाहात होती, आणि मग उठून तिच्यापाशी गेली.

दुपारी अर्पिताच्या घरी जेवलो. तिचे आईवडील छत्रपती संभाजीनगरला कंपनीत काम करतात, ती आजीजवळ असते. आजी पुष्पाबाई, सत्तरीच्या, घराभोवती वांगी-मेथी लावतात. नाताळला आलेल्या कुणालाही न जेवता जाऊ देत नाहीत. पाहुण्यांच्या तीन पंगती झाल्या. अर्पिता वाढत होती. ती कधी जेवली ते मला दिसलं नाही.

३ जानेवारी, शुक्रवार

नवीन वर्षाची डायरी मिळाली नाही, म्हणून मागच्या कोऱ्या पानांवर तारखा खोडून लिहितो आहे.

आज अर्पिता मोताळ्याच्या स्टँडवर एस.टी.तून उतरताना पडली. शुद्ध हरपली होती म्हणतात. कुण्या वाहकानं पाणी मारलं. तिच्याबरोबरच्या पोरीनं घरी आणलं.

६ जानेवारी, सोमवार

सिस्टर आल्या. पुन्हा सुई. चार आठवडे खिचडी, पाच आठवडे गोळ्या. बाकीच्यांचा आकडा जरा-जरा वर गेला आहे. अर्पिता आठ.

आठ पूर्णांक एकवरून आठ.

पुष्पाबाई तिला सोबत घेऊन आल्या होत्या. त्या बोलल्या ते जसंच्या तसं लिहितो. "मी तिच्या मायले फोन केला. लेकरू रस्त्यात पडून राह्यलं त् मी कोणाले तोंड दाखवू? सोळा फेब्रुवारीले पुन्हा तपासा. दहा झालं त् पेपर देऊ दे. नाही झालं त् मी तिले मायजवळ पाठवते. जीव राह्यला त् शाळा."

संजीवनीबाई समजावू लागल्या, पण सिंधूताईंनी त्यांचा हात दाबला. आजीचं खोटं नव्हतं.

आणि मला ठाऊक आहे काय होतं. एकदा दहावी सोडून गेलेली मुलगी परत येत नाही. माझ्या हजेरीपटात अशा किती जणींच्या नावापुढं जानेवारीनंतर नुसत्या रेघा आहेत. माय कामावर जाईल, ही घर सांभाळेल, मग वर्षभरात लग्नाचं कार्ड येईल. अर्पिता खाली मान घालून बसली होती. आज पहिल्यांदा तिचे डोळे पूर्ण उघडे दिसले. त्यांत पाणी होतं.

एक्केचाळीस दिवस आहेत.

९ जानेवारी, गुरुवार

लिहायचं नव्हतं. पण मग डायरी कशाला.

सिस्टरना चैन पडलं नसावं. आज न सांगता खिचडीच्या वेळी आल्या आणि कोपऱ्यात उभ्या राहिल्या. पंगत झाली. मी थर्मास उघडला. एकेकाच्या हातावर गोळी, एकेकाच्या कपात चहा. अर्पिताच्या कपात जास्त.

त्या पुढे आल्या. "सर, हे रोज?"

मी अभिमानानं म्हटलं, रोज. एक दिवस चुकला नाही.

त्यांनी कप माझ्या हातातून घेतला. ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, चहा पोटात लोहाला धरून ठेवतो, रक्तात जाऊच देत नाही. गोळीही वाया, पालाही वाया. खाण्याआधी तासभर आणि नंतर तासभर चहा नको. दुसऱ्या मुलांचा आकडा तरी जरा वाढला, त्यांच्या कपात चहा कमी होता. हिच्या कपात जास्त.

मग अर्पिताकडे वळून विचारलं, "खडू खाते का गं?"

तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं. सिस्टर म्हणाल्या, रक्त कमी झालं की माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. लाजायचं काही नाही. पण सोडायचं.

मी तिला अख्खी पेटी दिली होती.

घरी आलो. शैलजानं विचारलं काय झालं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ती टोमणा मारेल. तिनं थर्मास उचलला, घासून ओट्यावर पालथा घातला आणि म्हणाली, "उद्यापासून लिंबाचं सरबत. लिंबानं लोह लागतं, सिस्टरनं सांगितलं मला." तिला कधी सांगितलं सिस्टरनं?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शैलजानं घरून आणलेले तीळ-गुळाचे लाडू पंगतीत वाढले. आणि मी न सांगता तिनं स्वतःच्या डब्यात मूठ टाकायला सुरुवात केली आहे. आमच्या घरातलं ते पहिलं चर्चचं धान्य. सिंधूताईंनी डबा घेतला आणि इतर डब्यांच्या रांगेत ठेवला. दोघी मग चुलीपाशी बसून माझ्याबद्दल काहीतरी बोलत हसत होत्या.

अर्पिताला आता सकाळीही डबा जातो. सिंधूताई पहाटे उठून ज्वारीची भाकर, मेथीची भाजी आणि अर्धं लिंबू बांधतात आणि एस.टी.पाशी उभ्या राहतात. थंडीत. पासष्ट वर्षांची बाई. मी एकदा जाऊन पाहिलं. अर्पिता एस.टी.त चढली तरी त्या हात वर करून डब्याची खूण करत होत्या.

मोठ्या माणसांवर मी पुष्कळ कविता वाचल्या. सिंधूताई एकाही कवितेत बसत नाहीत. त्यांच्या हाताला फोडणीचा वास येतो आणि त्या बोलताना शिंकतात.

२८ जानेवारी, मंगळवार

आज कवितेच्या तासाला अर्पितानं मधेच हात वर केला आणि विचारलं, सर, या कडव्यात नदी वळते कुठं? दोन महिन्यांतला तिचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, ते तर मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. ती म्हणाली, हो का, आणि लिहून घेतलं.

जरा नवल वाटलं. इतकी आत उतरलेली मुलगी आणि वळण निसटलं?

१६ फेब्रुवारी, रविवार

उपासनेनंतर तपासणी ठरली होती. मी पहाटेपासून उपाशी होतो. शैलजा म्हणाली, आता तुमचं रक्त तपासावं लागेल.

उपासना लांबली. शेवटी उभं राहून गीत झालं, पाच कडव्यांचं, नाताळचं नव्हे, दुसरं. मी गीत ऐकलंच नाही, आकडा मोजत होतो.

मग सिस्टरनी सभागृहात यंत्र काढलं. अर्पिता बसली. बोट पुढं केलं. पुष्पाबाई मागं उभ्या. पाळक, संजीवनीबाई, सिंधूताई, उकंडराव सगळे. 

नऊ पूर्णांक आठ.

सिस्टर म्हणाल्या, सहा आठवड्यांत जवळजवळ दोन चढला, असाच चढत राहील, हे फार चांगलं आहे. पण ते दहा नव्हतं. अर्पितानं बोटावरचा कापूस घट्ट धरला.  

पुष्पाबाईंनी यंत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. नातीच्या समोर येऊन तिची पापणी खाली ओढली, नखं पाहिली. मग सिस्टरला म्हणाल्या, "तुमच्या मशिनीचं मले समजत नाही बाई. नाताळाले हे लेकरू तिसऱ्या कडव्याले खाली बसलं. आज पाची कडवे उभी राह्यली, मी मोजून राह्यली होती. देऊ द्या पेपर. पण केंद्रावर डबा घेऊन मी जाईन."

सिंधूताई पदरानं तोंड पुसत बाहेर गेल्या. उकंडराव म्हणाले, "बाकीच्यांनी काय बसून राहायचं? खिचडी थंड होऊन राह्यली."

नाताळाला ती बसली ते पुष्पाबाईंना दिसलं होतं. मलाही दिसलं होतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मराठीचा पेपर. केंद्राबाहेर पुष्पाबाई कडुनिंबाखाली डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, जणू त्यांचाच पेपर आहे. अर्पिता बाहेर आली. विचारलं, कसा गेला? म्हणाली, कवितेवरचा प्रश्न लांब होता, पण पूर्ण लिहिला. हात दुखला नाही.

३ मार्च, सोमवार

गणिताचा पेपर झाला. संजीवनीबाई म्हणतात उत्तम. मूठ अजून येते आहे, कुणी थांबवा म्हणालं नाही.

१३ मे, मंगळवार

दहावीचे आमचे सहाही पास. अर्पिताला ब्याऐंशी टक्के. वस्तीतून आजवर कुणाला इतके नव्हते. विज्ञानात ब्याण्णव.

मराठीत एकाहत्तर.

मी म्हटलं, पेपर कडक तपासला असेल. शैलजा म्हणाली, "हो, तुमच्या वैऱ्यानंच तपासला असेल." नंतर पेढे घेऊन अर्पिता आली आणि पाया पडली. बुलढाण्याला अकरावी सायन्सला जाणार, पुढं नर्सिंग करणार. धम्मशीला सिस्टरनी फॉर्म कुठं भरायचा ते सांगितलं आहे. मी आशीर्वाद दिला. कवितांची एक वही तिच्यासाठी काढून ठेवली होती, ती दिली नाही. देईन कधीतरी.

१८ मे, रविवार

इथं आभाराच्या रविवारी ज्याच्या आयुष्यात काही घडलं त्यानं पुढं येऊन साक्ष द्यायची असते. देवानं काय केलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. आज अर्पिता उभी राहिली. पिवळा ड्रेस, केसांना तेल. गालांवर रंग आहे आता. तिच्यात चांदणं वगैरे काही उरलेलं नाही, उन्हात खेळून आलेल्या पोरीसारखी दिसते.

तिनं देवाचे आभार मानले, आजीचे, सिंधूताईंचे, सिस्टरचे. शैलजाचेही मानले, कशाबद्दल ते शैलजाच जाणे. मग माझ्याकडे वळली. तिचं बोलणं जसं आठवतं तसं लिहितो.

"सरांले वाटायचं मी कवितेत हरवली. वर्गात सगळ्यांले सांगायचे, हिच्यासारखं ऐका. सर, रागावू नका, मले काहीच ऐकू येत नव्हतं. कानात गुंई करायचं, फळ्यावरचे अक्षरं पोहत जायचे. तुम्ही एवढ्या मायेनं पाहात होते का मले सांगाची हिंमत झाली नाही, म्हणून मान हलवायची. ते नदीची कविता मले दोन कडव्यांची वाटत होती. जानेवारीत एक दिवस सगळी ऐकू आली. तवा समजलं, ते आठ कडव्यांची हाय."

आधी मुलं हसली, मग बायका, मग उकंडरावसुद्धा. मीही हसलो. शैलजा हसली नाही. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, चर्चमध्ये, सगळ्यांसमोर.

अर्पितानं शेवटी म्हटलं, प्रभू माझी भाकर आहे असं आपण म्हणतो, मी ती खाल्ली. आमेन. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणालो.

घरी येऊन नोव्हेंबरचं पान काढलं. 'ती नदीवरच होती.' खोडावं असं वाटलं. शैलजा म्हणाली, राहू द्या, पुढच्या वेळी वाचायला कामी येईल.

३० जून, सोमवार

नवा वर्ग. यंदा चौदा मुलं, तीन शेजारच्या वस्तीतली. छप्पर नवीन झालं, उकंडरावांनी स्वतः शिडीवर चढून पाहिलं. मूठ आता निम्मी छपराला आणि निम्मी पातेल्याला, असं सभेत ठरलं आहे.

फळ्यावर तारीख लिहिली. हजेरी घ्यायला लागलो आणि पहिल्याच नावाला थांबलो. म्हटलं, यंदा 'हजर' म्हणायचं नाही. नाव घेतलं की सकाळपासून काय खाल्लं ते सांगायचं.

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. मग सुरू झालं. भाकर-ठेचा. चहा-टोस्ट. पोळी अन् शेंगदाण्याची चटणी. कालची खिचडी. चहा. चहा. मी नावापुढं लिहीत गेलो. अकरावं नाव रेवती. नववीत आली आहे, खिडकीपाशी बसली होती, मान जराशी कललेली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि हळूच म्हणाली, "काही नाही, सर."

मी हजेरी बंद केली. तिला घेऊन सिंधूताईंच्या चुलीपाशी गेलो, आणि ती ताट संपवेपर्यंत समोर पाटावर बसून राहिलो. कविता अर्ध्या तासानं सुरू केली.